विज्ञानकथात्म दूरचित्रवाणी मालिका : युद्ध आणि मुत्सद्देगिरीचे रूपक

सारांश : प्रत्यक्ष युद्धाविषयी उघड बोलणे जेथे अवघड असते तेथे दूरचित्रवाणीने विज्ञानकथेचा आश्रय घेतल्याचे दिसते. 'स्टार ट्रेक' (१९६६-६९), 'बॅबिलॉन ५', 'डीप स्पेस नाइन' आणि 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या अमेरिकन मालिकांतील निवडक भागांच्या आधारे या रूपकाचे सामर्थ्य व मर्यादा प्रस्तुत लेखात तपासल्या आहेत. रूपक प्रेक्षकाला मूळ युद्धाकडे परत नेते की त्यापासून दूर ठेवते, हा येथे मूल्यमापनाचा मुख्य निकष मानला आहे.

१. प्रस्तावना

दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथात्म मालिकांकडे बहुधा करमणुकीचा एक प्रकार म्हणूनच पाहिले जाते. परग्रहावरील प्राणी, प्रकाशाहून वेगवान याने आणि किरणास्त्रे यांच्या जगाचा राज्यशास्त्राशी किंवा इतिहासाशी काही संबंध असेल, असे सकृद्दर्शनी वाटत नाही. १९८० च्या दशकात दूरदर्शनवरून 'स्टार ट्रेक' पाहणाऱ्या भारतीय प्रेक्षकालाही ती साहसकथाच वाटली असणे स्वाभाविक होते. परंतु ही मालिका ज्या काळात निर्माण झाली तो काळ लक्षात घेतला की तिचे वेगळे रूप समोर येते. ८ सप्टेंबर १९६६ ते ३ जून १९६९ या अवधीत अमेरिकेतील एनबीसी या प्रसारण कंपनीने तिचे ७९ भाग दाखविले. व्हिएतनाममधील अमेरिकन सैन्याची संख्या पाच लाखांच्या पुढे गेली ती याच काळात. संध्याकाळच्या बातम्यांत युद्धाची दृश्ये दिसत होती. त्यानंतर लागणाऱ्या काल्पनिक मालिकांत मात्र त्या युद्धाविषयी जवळजवळ मौन होते. जाहिरातदार दुखावतील, प्रेक्षक दुभंगेल, ही भीती त्यामागे होती. हे मौन ज्या थोड्या मालिकांनी मोडले त्यांत 'स्टार ट्रेक'चा समावेश करावा लागतो, आणि तिने ते मोडले ते रूपकाच्या आडून.

रूपकाच्या आडून बोलल्याने नेमके काय साधते आणि काय निसटते, हा या लेखाचा विषय आहे. विज्ञानकथा 'समकालीन वास्तवाचे प्रतिबिंब' असते, एवढे म्हणून समीक्षेचे काम संपत नाही. प्रतिबिंबात कोण दिसते, कोण दिसत नाही आणि कथेच्या शेवटी प्रेक्षकाच्या मनात कोणता निर्णय पक्का होतो, हे पाहणे आवश्यक ठरते. युद्धाच्या बाबतीत हा प्रश्न केवळ वाङ्मयीन उरत नाही, कारण लोकशाही देशातील युद्धे जनमताच्या आधारावर चालतात आणि जनमत कथांमधूनही घडत असते.

२. रूपकाची परंपरा आणि मूल्यमापनाचा निकष

एकाला उद्देशून बोलावे आणि ते दुसऱ्याला लागावे, ही युक्ती मराठी वाचकाला नवी नाही. संस्कृत अन्योक्तीपासून वि. स. खांडेकरांच्या रूपककथांपर्यंत तिची परंपरा आहे. राजकीय रूपकाचे सर्वांत ठळक मराठी उदाहरण म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' (१९०७) हे नाटक. विराटाच्या दरबारातील कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, विटंबना सोसणारी सैरंध्री म्हणजे पराधीन देश, संयमाचा सल्ला देणारा युधिष्ठिर म्हणजे नेमस्त आणि भीम म्हणजे जहाल, हे समीकरण प्रेक्षकांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. ते सरकारलाही समजले आणि १९१० साली नाटकावर बंदी आली.

या उदाहरणावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे, रूपकाचे आवरण जेवढे पारदर्शक तेवढी त्याची राजकीय शक्ती अधिक. दुसरी अशी की, रूपकात पात्रांची वाटणी कशी होते यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. 'कीचकवधा'त अपमानित स्त्री रंगमंचावर उपस्थित आहे. ती बोलते, दाद मागते, आणि तिच्या दृष्टीने बाकीच्यांचे मोजमाप होते. रूपकात अन्याय सोसणाऱ्याला असा आवाज मिळाला तरच ते अन्यायाविषयीचे रूपक ठरते. एरवी ते बलवानांच्या मनातील द्वंद्वाचे चित्र होऊन राहते.

मराठी नाटक आणि अमेरिकन मालिका यांतील फरकही ध्यानात ठेवावयास हवा. खाडिलकरांसमोर परकीय सत्तेचा कायदा होता. अमेरिकन पटकथाकारासमोर प्रसारण कंपनीचे हिशेब होते. शिवाय खाडिलकरांचा प्रेक्षक पीडितांपैकी होता, तर 'स्टार ट्रेक'चा प्रेक्षक युद्ध करणाऱ्या राष्ट्राचा नागरिक होता. म्हणून दोन्ही ठिकाणी रूपकाचे कार्य सारखे असू शकत नाही. पीडिताला धीर देणे हे एक कार्य होय. बलवानाला त्याच्या कृत्याचा जाब विचारणे हे दुसरे. दुसरे अधिक कठीण आहे, कारण रूपकाने दिलेले अंतर हेच प्रेक्षकाला पळवाट म्हणून उपयोगी पडू शकते.

३. शीतयुद्धाची छाया : तटस्थ पट्टा, संगणक आणि लादलेली शांतता

'स्टार ट्रेक'च्या पहिल्या पर्वातील तीन भाग शीतयुद्धाच्या तीन पैलूंना स्पर्श करतात. 'बॅलन्स ऑफ टेरर' (१५ डिसेंबर १९६६) या भागात पृथ्वी व रोम्युलन साम्राज्य यांच्यामध्ये एक तटस्थ पट्टा आहे. शतकापूर्वीचे युद्ध संपले तेव्हा तह बिनतारी संदेशांवरून झाला. दोन्ही पक्षांनी एकमेकांचा चेहरा कधी पाहिलेलाच नाही. १९५३ च्या युद्धविरामानंतर कोरियात आखलेल्या पट्ट्याची आठवण प्रेक्षकाला होणे अपरिहार्य होते. रोम्युलनांचा चेहरा प्रथमच पडद्यावर दिसतो तेव्हा तो यानावरील स्पॉक या अधिकाऱ्याच्या चेहऱ्यासारखा निघतो आणि एका सहकाऱ्याचा संशय तत्काळ स्पॉककडे वळतो. शत्रूशी साम्य असणे हाच गुन्हा ठरविणारी ही मनोवृत्ती दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांनी अनुभवलेली होती. या भागाचा विशेष असा की रोम्युलन सेनानी थकलेला, कर्तव्यदक्ष आणि आपल्याच सरकारच्या आज्ञेविषयी साशंक असा रंगविला आहे. दोन प्रतिस्पर्धी सेनानींना परस्परांविषयी आदर वाटतो, तरीही त्यांतील एकाला मरावे लागते. वैयक्तिक सद्भाव आणि राज्यांमधील वैर ही दोन स्वतंत्र वास्तवे आहेत, हे येथे उपदेशाविना सांगितले गेले आहे.

'अ टेस्ट ऑफ आर्मागेडॉन' (२३ फेब्रुवारी १९६७) मध्ये दोन ग्रहांमधील युद्ध पाचशे वर्षे चालू आहे, पण एकही इमारत पडलेली नाही. हल्ले संगणकात होतात. संगणक मृतांची यादी काढतो आणि यादीतील नागरिक चोवीस तासांच्या आत विघटनकक्षात जाऊन निमूटपणे मरण पत्करतात. युद्धाची भीषणता काढून टाकली की ते थांबविण्याचे कारणही नाहीसे होते, हे या कथेचे प्रमेय. व्हिएतनाममध्ये शत्रूच्या मृतदेहांची मोजदाद हे यशाचे परिमाण मानले जात होते आणि संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांच्या खात्यात आकडेवारीला असाधारण महत्त्व आले होते. त्या काळात हे प्रमेय मांडणे धाडसाचे होते. दूरनियंत्रित ड्रोनच्या आजच्या युगात ते जुने झालेले नाही.

तथापि या कथेचा शेवट तपासून पाहण्याजोगा आहे. कप्तान कर्क हे युद्ध थांबवितो ते संगणक नष्ट करून, आणि तत्पूर्वी संपूर्ण ग्रह बेचिराख करण्याची धमकी देऊन. त्यानंतर, आधी हास्यास्पद ठरविलेला राजदूत मध्यस्थीसाठी पुढे येतो. म्हणजे वाटाघाटींना जागा मिळते, पण बळाने आपले काम केल्यानंतर. मुत्सद्देगिरी ही शक्तीची उत्तरक्रिया होय, असा संस्कार कथा नकळत करते.

'एरंड ऑफ मर्सी' (२३ मार्च १९६७) हा भाग या संस्कारालाच छेद देतो. ऑर्गेनिया या ग्रहावरून महासंघ व क्लिंगॉन साम्राज्य यांच्यात युद्ध पेटते. तेथील शेतकऱ्यांसारखे दिसणारे रहिवासी प्रत्यक्षात अतिप्रगत निघतात आणि दोन्ही बाजूंची शस्त्रे निकामी करून युद्ध बंद पाडतात. त्या क्षणी कर्क व क्लिंगॉन सेनापती दोघेही एकाच सुरात निषेध करतात. मागास समजल्या गेलेल्यांचे रक्षण करायला आलेला नायक युद्धाचा हक्क मागू लागतो आणि आपण काय बोललो याची त्याला लाज वाटते. जी. एल. कून यांच्या या पटकथेत रूपक नायकावरच उलटते. परंतु शांतता येथे दैवी हस्तक्षेपाने येते. माणसांनी ती स्वतः कशी घडवावी याविषयी कथा काहीच सांगू शकत नाही.

४. व्हिएतनामचे रूपक : 'अ प्रायव्हेट लिटल वॉर'

२ फेब्रुवारी १९६८ रोजी प्रसारित झालेला 'अ प्रायव्हेट लिटल वॉर' हा भाग या विवेचनाच्या केंद्रस्थानी ठेवावा लागतो. व्हिएतनाममधील टेट आक्रमणाला जेमतेम तीन दिवस झालेले असताना तो अमेरिकन घरांत पोहोचला, अर्थात त्याचे चित्रीकरण त्याआधीच झालेले होते. कथा अशी : एका शांत ग्रहावर गावकरी व डोंगरी लोक अशा दोन जमाती आहेत. क्लिंगॉन गुप्तपणे गावकऱ्यांना चकमकीच्या बंदुका पुरवितात. डोंगरी लोकांचा प्रमुख टायरी हा कर्कचा जुना मित्र असून हत्येच्या विरोधात आहे. कर्क असा निष्कर्ष काढतो की, दुसऱ्या पक्षालाही तेवढ्याच आणि तशाच बंदुका द्याव्यात, म्हणजे समतोल टिकेल. डॉक्टर मॅकॉय विरोध करतो. उत्तरादाखल कर्क विसाव्या शतकात आशिया खंडात लढल्या गेलेल्या लहान युद्धांचा दाखला देतो. म्हणजे येथे आवरण जवळजवळ गळून पडलेले आहे.

या भागाची पटकथा मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांची आहे. १९६८ मध्येच अमेरिकन विज्ञानकथालेखकांनी 'गॅलक्सी' या मासिकात व्हिएतनाम युद्धाच्या बाजूने व विरोधात अशा दोन जाहिराती सह्यांनिशी प्रसिद्ध केल्या. त्यांपैकी विरोधकांच्या यादीत रॉडनबेरी यांचे नाव होते. एकाच व्यक्तीची नागरिक म्हणून भूमिका आणि तिच्या पटकथेतील निष्कर्ष यांतील हे अंतर सूचक आहे. कथेचा शेवट विजयाचा नाही. पत्नीच्या हत्येनंतर टायरी अधिक बंदुका मागतो. अहिंसेचा एकमेव पुरस्कर्ता सूडाला प्रवृत्त होतो. कर्क जड अंतःकरणाने शस्त्रांची मागणी यानाकडे पाठवितो, आणि नंदनवनात सर्प सोडल्याचे शल्य त्याच्या बोलण्यात उमटते. हा खिन्न शेवट अनेकांना युद्धविरोधी वाटतो.

परंतु खिन्नता म्हणजे विरोध नव्हे. कथेने वस्तुस्थितीची जी मांडणी गृहीत धरली आहे ती पाहिल्यास चित्र पालटते. ग्रहावरील कलह सुरू होतो तो केवळ बाह्य शक्तीने शस्त्रे पुरविल्यामुळे. त्यापूर्वी तेथे इतिहास नाही, अन्याय नाही, मागणी नाही. आहे ते केवळ नंदनवन. व्हिएतनाममध्ये मात्र फ्रेंच वसाहतवादाविरुद्धचा दीर्घ लढा होता, १९५४ चा जिनिव्हा करार होता आणि त्यानुसार १९५६ मध्ये अपेक्षित असलेल्या, पण कधीच न झालेल्या निवडणुका होत्या. हे सर्व वगळून युद्धाचे मूळ 'त्यांनी बंदुका दिल्या' एवढ्यावर आणले की 'आम्हीही देऊ' हे उत्तर तर्कशुद्ध भासू लागते. अमेरिकन सरकारची अधिकृत भूमिका सारतः हीच होती. मॅकॉयचा विरोध भावनेच्या पातळीवर राहतो; त्याच्याजवळ पर्यायी इतिहास नाही, म्हणून तो वादात हरतो.

दुसरा मुद्दा आवाजाचा. गावकऱ्यांपैकी कोणालाही आपली बाजू सांगण्याची संधी नाही. त्यांना जमीन हवी आहे, सत्ता हवी आहे की केवळ संरक्षण, हे कळत नाही. स्थानिकांपैकी राजकीय महत्त्वाकांक्षा दिसते ती टायरीची पत्नी नोना हिच्यात; पण तिला मांत्रिक व मोहिनी ठरवून शेवटी मारले जाते. निर्णयाची वेदना कर्कची, नैतिक वाद कर्क व मॅकॉय यांचा, आणि मरणे मात्र ग्रहवासीयांचे. 'कीचकवधा'च्या निकषावर हा भाग उतरत नाही तो येथे. तो व्हिएतनामविषयी आहे खरा, परंतु व्हिएतनामी माणूस त्यात नाही.

५. अहस्तक्षेप, भाषा आणि अनुनय : मुत्सद्देगिरीची तीन रूपे

'स्टार ट्रेक'च्या विश्वातील सर्वांत महत्त्वाचे राजनैतिक तत्त्व म्हणजे अविकसित संस्कृतींच्या अंतर्गत घडामोडींत हस्तक्षेप न करण्याची मूलाज्ञा. १९६७ च्या प्रारंभी आलेल्या 'द रिटर्न ऑफ द आर्कन्स' या भागात तिचा प्रथम उल्लेख येतो. भारतीय अभ्यासकाला येथे पंचशीलाचे स्मरण होते. २९ एप्रिल १९५४ रोजी झालेल्या भारत-चीन करारातील पाच तत्त्वांपैकी अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करणे हे एक तत्त्व होते. परंतु साम्य शब्दांपुरते आहे. पंचशीलातील अहस्तक्षेप परस्परांचा आहे. दोन सार्वभौम राष्ट्रे समान पातळीवरून एकमेकांना वचन देतात. मूलाज्ञा हा बलवानाने स्वतःवर घातलेला निर्बंध आहे. त्याची माहिती दुबळ्याला नसते, त्याच्या भंगाची दाद त्याला मागता येत नाही आणि तो केव्हा मोडावा हे बलवानच ठरवितो. कर्क ती आज्ञा वारंवार मोडतो, हे कथानकाच्या सोयीचे असले तरी अर्थाच्या दृष्टीने सुसंगतच आहे. पंचशीलाचेही १९६२ मध्ये काय झाले हे सर्वज्ञात आहे. तथापि तेथे वचनभंगाला वचनभंग म्हणता येते. मूलाज्ञेच्या बाबतीत तसे म्हणणारा दुसरा पक्षच नाही.

मुत्सद्देगिरीतील भाषेचा प्रश्न 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या पुढील मालिकेतील 'डारमॉक' (३० सप्टेंबर १९९१) या भागात हाताळला गेला. टामेरियन लोकांचे शब्द अनुवादयंत्राला कळतात, अर्थ कळत नाही. कारण त्यांची सारी भाषा त्यांच्या पुराणकथांच्या संदर्भांतून चालते. महाभारतातील एका नावाने संपूर्ण प्रसंग सुचविणाऱ्या मराठी भाषकाला ही कल्पना तत्काळ पटावी. टामेरियन कप्तान, दोघांनी मिळून एका संकटाला तोंड दिल्याशिवाय संवाद शक्य नाही, हे जाणून स्वतःचा जीव धोक्यात घालतो व त्यातच मरतो. कप्तान पिकार्ड त्याला गिल्गमेशची कथा सांगतो. तहाच्या मसुद्याआधी परस्परांच्या कथा ठाऊक असाव्या लागतात, हा विचार राजनयाच्या पाठ्यपुस्तकात सहसा आढळत नाही. येथे पुढाकार परक्याचा आहे आणि शिकणारा नायक आहे, ही बाबही नोंद घेण्यासारखी होय.

वाटाघाटींच्या अपयशाचे सर्वांत विस्तृत चित्र 'बॅबिलॉन ५' (१९९४-९८) या मालिकेत आढळते. तिच्या ११० भागांपैकी ९२ भाग जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की या एकट्या लेखकाचे असल्याने कृतीचे परिणाम वर्षानुवर्षे पाठलाग करताना दिसतात. युद्ध टाळण्यासाठी उभारलेले अंतराळस्थानक हे तिचे स्थळ. १९९५ मधील 'द लाँग, ट्वायलाइट स्ट्रगल' या भागात सेंटॉरी साम्राज्य तहाने निषिद्ध ठरविलेल्या अस्त्रांनी नार्न ग्रहावर अशनींचा मारा करते. हे घडवून आणण्यात सहभागी असलेला सेंटॉरी राजदूत लॉन्डो यानाच्या गवाक्षातून तो विध्वंस निःशब्दपणे पाहतो. पुढे नार्न राजदूताला परिषदेतून बाहेर काढले जाते आणि एका सेंटॉरीच्या हत्येबद्दल पाचशे नार्नांना ठार करण्याची घोषणा होते. दुसऱ्या महायुद्धात व्याप्त युरोपात ओलिसांच्या ज्या सामूहिक हत्या झाल्या त्यांची ही आठवण आहे.

त्याच वर्षीच्या 'द फॉल ऑफ नाइट' या भागात पृथ्वीचा दूत त्याच सेंटॉरींशी अनाक्रमण करार करतो, आणि ३० सप्टेंबर १९३८ च्या म्युनिक करारानंतर चेंबरलेन यांनी ज्या शब्दांत शांततेची ग्वाही दिली होती त्यांचाच प्रतिध्वनी उमटतो. नार्न यानाला संरक्षण देणाऱ्या अधिकाऱ्यालाच माफी मागण्यास सांगितले जाते. नार्न राजदूत जी'कार मात्र मालिकेच्या अखेरपर्यंत बोलत राहतो. पराभूताला एवढा दीर्घ आवाज देणे, ही या मालिकेची मोठी कमाई होय.

६. ताबा, प्रतिकार आणि हातमिळवणी

'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन' (१९९३-९९) मध्ये बेजोर या ग्रहावरील कार्डेशियनांचा सुमारे पन्नास वर्षांचा अंमल नुकताच संपला आहे. बेजोरन म्हणजे नेमके कोण, याचे एकच उत्तर देता येत नाही. नाझी अंमलाखालील ज्यू, पॅलेस्टिनी, व्याप्त फ्रान्समधील प्रतिकारक असे अनेक संदर्भ त्यात मिसळतात. एका घटनेला बांधलेल्या रूपकापेक्षा असे बहुसंदर्भी रूपक प्रचाराला कमी सोयीचे असते. 'ड्युएट' (१९९३) या भागात श्रमछावणीचा क्रूर प्रमुख म्हणून पकडलेला इसम प्रत्यक्षात तेथील एक कारकून निघतो. छळल्या जाणाऱ्यांचे आक्रोश ऐकून तो केवळ कान झाकत असे. आपल्या राष्ट्राला अपराध कबूल करावयास लावावे म्हणून तो प्रमुखाचे सोंग घेऊन खटल्याला सामोरा येतो. सूड घेण्यास आलेली बेजोरन अधिकारी किरा त्याला सोडून देते. पण दुसरा एक बेजोरन, तो कार्डेशियन आहे एवढ्याच कारणावरून त्याला भोसकतो, आणि हे कारण पुरेसे नसल्याचे किराला प्रथमच जाणवते. व्यक्तीचा अपराध व समाजाचा अपराध यांच्या सीमारेषेविषयी एवढी प्रामाणिक मांडणी दूरचित्रवाणीवर क्वचितच झाली असेल.

याच मालिकेतील 'इन द पेल मूनलाइट' (१९९८) मध्ये कप्तान सिस्को बनावट पुराव्याच्या आधारे तटस्थ रोम्युलनांना युद्धात खेचतो; त्यासाठी खून होतात आणि तो स्वतःची समजूत घालून नोंद पुसून टाकतो. १९६४ मधील टोंकिनच्या आखातातील न घडलेल्या दुसऱ्या हल्ल्याची छाया येथे आहे. पाच वर्षांनी, ५ फेब्रुवारी २००३ रोजी, इराकमधील संहारक अस्त्रांविषयीचे दावे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत मांडले गेले आणि ते निराधार ठरले, तेव्हा या भागाला नवा अर्थ आला. तथापि कथेने शत्रू इतका निर्विवाद दुष्ट ठेवला आहे की असत्य आपोआप धुतले जाते. ज्या युद्धाची न्याय्यताच असत्यावर उभी आहे त्याविषयी ही कथा मौन बाळगते.

रूपकाची सर्वांत धाडसी उलटापालट 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' (२००३ ची लघुमालिका आणि २००९ पर्यंतची पर्वे) या मालिकेने केली. मानववंशाचा जवळजवळ संहार करणारे सायलॉन हे मानवानेच घडविलेले यंत्रमानव आहेत. आरंभीची पर्वे ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या अमेरिकन भयाशी जुळतात : आकस्मिक हल्ला, आपल्यातच वावरणारा शत्रू, कैद्यांच्या छळाचे समर्थन. ऑक्टोबर २००६ मध्ये तिसऱ्या पर्वाच्या प्रारंभी मात्र चित्र फिरते. उरलेली माणसे सायलॉनांच्या ताब्यात आहेत. रात्री घरांवर धाडी पडतात, माणसे खटल्याविना डांबली जातात, ताबेदारांच्या बाजूने स्थानिक पोलीस उभारले जातात. कर्नल टाय हा दोन पर्वांपासून प्रेक्षकाच्या ओळखीचा अधिकारी त्या पोलिसांच्या दीक्षान्त समारंभात आत्मघाती स्फोट घडवून आणतो. ते इराक युद्धाचे चौथे वर्ष होते. ज्या कृत्याला बातम्यांत केवळ निषेधाचा विषय मानले जात होते ते आता आपल्याच माणसाच्या हातून, त्याची कारणे ऐकत, पाहावे लागत होते.

येथे दोन तपशील महत्त्वाचे आहेत. सायलॉन सद्हेतूने आले आहेत. संहार ही चूक होती, आता मानवासह नांदावयाचे, अशी त्यांची श्रद्धा आहे. सद्हेतूने लादलेली सत्ताही बंदुकीशिवाय टिकत नाही, हे कथा दाखविते. दुसरे, मुक्तीनंतरच्या 'कोलॅबोरेटर्स' या भागात मुक्त झालेलेच लोक गुप्त न्यायमंडळ स्थापून हातमिळवणी करणाऱ्यांना मृत्युदंड देऊ लागतात. गुप्तपणे प्रतिकाराला मदत करणारा गेटा निर्दोष असूनही मृत्यूच्या दारापर्यंत जातो. अखेर राष्ट्राध्यक्ष रोझलिन सार्वत्रिक माफी जाहीर करते. पीडित असणे हे न्यायी असण्याची हमी देत नाही, ही या भागाची मांडणी आहे. १७ मार्च २००९ रोजी न्यूयॉर्क येथील संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात या मालिकेच्या निमित्ताने मानवी हक्क, दहशतवाद व समेट या विषयांवर चर्चा आयोजित झाली, ती याच कारणाने.

७. रूपकाच्या मर्यादा

वरील विवेचनातून तीन मर्यादा पुढे येतात. पहिली, वंशाची जागा जीवजातीने घेतल्यामुळे स्वभाव जन्मसिद्ध भासू लागतो. क्लिंगॉन युद्धखोर, रोम्युलन कपटी, अशी वर्गवारी एका संपूर्ण समाजाला लागू होते. मूळ मालिकेत क्लिंगॉनांना गडद रंगलेपन करून दाखविले होते, हे येथे विसरता येत नाही. पूर्वग्रहाविरुद्ध बोलणारी कथा अशा वेळी त्याच पूर्वग्रहाची भाषा वापरते.

दुसरी मर्यादा कथारचनेची. पन्नास मिनिटांत पेच सुटावा लागतो, म्हणून संगणक फोडणे, अतिमानवी सत्तेने शस्त्रे गोठविणे यांसारखे तोडगे निघतात. प्रत्यक्ष वाटाघाटी कंटाळवाण्या, दीर्घ आणि अपूर्ण असतात. दीर्घ कथानकाच्या मालिकांनी ही मर्यादा बरीच ओलांडली, हे 'बॅबिलॉन ५' व 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' यांवरून दिसते.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर आहे. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'त प्रेक्षक व्याप्त जनतेशी तादात्म्य पावतो, कारण ती जनता त्याच्यासारखी दिसते, त्याच्या भाषेत बोलते आणि आधीपासून त्याची आवडती आहे. इराकी माणसाविषयीची सहानुभूती त्याला इराकी चेहरा न पाहताच मिळते. ही सहानुभूती पडद्यावरून रस्त्यावर उतरते की पडद्यावरच संपते, याची खात्री रूपक देऊ शकत नाही. या मालिकेच्या बाजूने एवढे म्हणता येईल की प्रेक्षकाला तिने आरामदायक जागा दिली नाही. ज्या नायकांनी पहिल्या पर्वात कैद्याचा छळ केला, तेच तिसऱ्या पर्वात कैदी झाले; आधीच्या कृत्यांचा हिशेब प्रेक्षकाला स्वतःच मांडावा लागतो.

८. निष्कर्ष

१९६६ ते २००९ या काळातील प्रस्तुत मालिकांचा क्रम पाहता रूपकाची दिशा बदलत गेलेली दिसते. प्रारंभी बलवान नायकाच्या सदसद्विवेकाची वेदना हा विषय होता. पुढे पराभूताचा आवाज आणि शेवटी स्वतःच व्याप्त होण्याचा अनुभव केंद्रस्थानी आला. ही सरळ प्रगती नव्हे. 'एरंड ऑफ मर्सी'ने १९६७ मध्ये नायकाला जे लज्जित केले ते 'इन द पेल मूनलाइट'ने १९९८ मध्ये केले नाही.

विज्ञानकथेचे रूपक युद्धकाळात बोलण्यास जागा करून देते, हे तिचे निर्विवाद श्रेय आहे. परंतु ज्या रूपकात युद्धाचा पूर्वेतिहास पुसला जातो आणि पीडित मुका राहतो, ते कितीही खिन्न असले तरी सत्तेच्या युक्तिवादाला हातभार लावते. 'अ प्रायव्हेट लिटल वॉर' हे त्याचे उदाहरण होय. याउलट जेथे परका स्वतः बोलतो, नायक चुकतो आणि कृत्याचे परिणाम कथेत टिकून राहतात, तेथे प्रेक्षक मूळ युद्धाकडे अधिक प्रश्न घेऊन परततो. इतिहास, राज्यशास्त्र आणि साहित्य या तिन्ही विषयांच्या अध्यापनात असे भाग पाठ्यसामग्री म्हणून उपयोगी पडू शकतील. मात्र त्यांच्याबरोबर त्या त्या युद्धाचा इतिहासही विद्यार्थ्यांसमोर ठेवला पाहिजे, कारण रूपकाने काय गाळले हे तो इतिहास ठाऊक असल्याखेरीज कळत नाही.